साबणबाई

आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरला पाठीमागे सगळे साबणबाई म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला लोक याहून वाईट नावं ठेवतात, म्हणून तिने ते कधी मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर ते नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा ती जरा सुखावलीच होती.

नाव पडायला कारणही तसंच होतं. नवी मुलगी कामावर रुजू झाली की पहिला सबंध दिवस ही तिला पेशंटला हात लावू द्यायची नाही. बेसिनसमोर उभं करायची. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. "चाळीस मोजायचे. मनात नाही, मला ऐकू येतील असे." मोठे डॉक्टर राउंडला आले की आधी मुकाट्याने बेसिनकडे वळत. एकदा घाईत विसरले, तेव्हा ती "डॉक्टर, हात" एवढंच म्हणाली, आणि साठी ओलांडलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा मागे फिरला.

बेसिन एकच होतं. स्टीलचं, उथळ, कोपराने उघडायच्या नळाचं. आठ खाटांच्या त्या हॉलमध्ये ते खिडकीच्या कडेला, चार नंबरच्या खाटेच्या उशाशी बसवलेलं होतं.

रंगारी आला तो एका मंगळवारी, भरदुपारी. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता. वय चौतीस. बरगड्या मोडून फुप्फुसात घुसलेल्या, प्लीहा फुटलेली. ऑपरेशन करून प्लीहा काढून टाकली आणि त्याला मशिनच्या श्वासावर वर आणलं. त्याच्या नखांच्या कडांना फिकट निळा रंग होता. एक मुलगी स्पिरिटचा बोळा घेऊन तो घासायला लागली, तर दारातून आवाज आला, "राहू दे गं बाळ. ऑइलपेंट आहे तो. नख वाढेल तसा जाईल."

तो त्याचा बाप. पासष्टीचा, काटक, बोटांची पेरं गाठीगाठीची. धंद्याने प्लंबर. पहिल्या दोन दिवसांतच तो सगळ्यांचा प्लंबरकाका झाला. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, घरात बाप-लेक दोघंच. "आमचा धंदा घरातल्या घरात आहे सिस्टर," तो सांगायचा. "मी पाइप टाकायला लोकांच्या भिंती फोडायच्या आणि यानं त्या रंगवायच्या. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही दोघं संगनमताने लुटता." हे सांगताना तो हसायचा आणि हसता हसता काचेतून आत बघायचा.

सहाव्या दिवशी रंगारी सुधारायला लागला. मशिनचा जोर कमी केला, गुंगीचं औषध उतरवलं. पण जाग आली तशी भीतीही आली. त्याची खाट भिंतीकडची. समोर नुसत्या मशिनी आणि त्यांचे दिवे. दिवस की रात्र त्याला कळेना. डोळे फाडून बघायचा, नळ्या ओढायचा. दोन्ही हात बांधून ठेवायची पाळी आली. साबणबाईला हात बांधणं मुळीच आवडायचं नाही. उजेड दिसला, आभाळ दिसलं की अशी माणसं शांत होतात, हे तिने कितीदा पाहिलं होतं. चार नंबरची खाट त्याच सकाळी रिकामी झाली होती.

"चार नंबर नको हो सिस्टर," वॉर्डातल्या मावशी चादर बदलता बदलता म्हणाल्या. "कुणाला लाभत नाही ती खाट. लागोपाठ तिघं गेले."

"मावशी, खाटेला काय डोकं असतं? माणसं आजारी होती म्हणून गेली. चला, धरा तिकडून."

मावशींनी धरलं. दुपारपर्यंत रंगारी खिडकीतून बाहेर बघत पडून होता आणि त्याचे हात मोकळे होते. भेटायच्या वेळी बाप आला, मुलाला असा पाहिला आणि साबणबाईच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला खांद्याला धरून उभं केलं. "आधी हात धुवा, काका."

तो हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि तिथेच थबकला. वाकून खाली बघितलं, बोटाने पाइप वाजवला. "सिस्टर, पाणी हळू जातंय. पाइपच्या खालच्या वळणातला ट्रॅप तुंबलाय. दहा मिनिटांचं काम आहे, पाना माझ्या पिशवीतच असतो."

"काका, हे आयसीयू आहे. इथे बाहेरच्या माणसाने पाना चालवायचा नाही. आमची माणसं आहेत त्याला."

"बरं बरं," तो ओशाळून म्हणाला. "सवय हो. कुठेही गेलो तरी नळच दिसतो आधी."

तिने तक्रारवहीत लिहिलं. दोन दिवसांनी देखभालीचा माणूस आला, जाळीत कसलासा द्राव ओतला, पाणी सोडून दाखवलं आणि सही घेऊन गेला. पाणी तीन दिवस झरझर गेलं, मग पुन्हा हळू झालं. तिच्या ते लक्षातही आलं होतं. पण आठ खाटांवर आठ जीव, त्यात बेसिनची दुसरी तक्रार उद्यावर गेली.

दरम्यान रंगाऱ्याची नळी निघाली. घसा बसलेला, आवाज घोगरा. पहिलं वाक्य तो बापाशी बोलला, "बाबा, दुसरा हात राहिलाय." बाप घाबराघुबरा होऊन त्याचा डावा हात चाचपायला लागला. रंगारी हसला, हसताना बरगड्या दुखल्या म्हणून कळवळला. "तसा हात नाही हो. रंगाचा. भिंतीला एकच हात मारून झालाय." त्या दिवशी सबंध वॉर्डात हा किस्सा फिरला. मोठ्या डॉक्टरांनी परवापर्यंत त्याला खालच्या वॉर्डात हलवू म्हणून सांगितलं.

तो परवा काही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हुडहुडी भरून ताप आला. दुपारी श्वास लागला. संध्याकाळच्या आत नळी पुन्हा घशात. रक्त आणि कफ तपासायला पाठवला आणि वाट न बघता कपाटातलं सगळ्यात जोरकस अँटिबायोटिक सुरू केलं. ताप हलला नाही.

तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या बाईंचा फोन आला. या बाई एरवी फोनवर आधी दोन मिनिटं गुडघेदुखीवर बोलायच्या. आज म्हणाल्या, "चार नंबरचा रिपोर्ट आहे. वर पाठवतेच आहे, पण तू आधी ऐक." कागद आला. डावीकडे सोळा औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर एकच अक्षर. आर, आर, आर. म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. फक्त शेवटच्या ओळीत वेगळं अक्षर होतं. ते एक जुनं औषध. मूत्रपिंडं खराब करतं म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी ते अडगळीत टाकलं होतं आणि आता दुसरं काही उरलं नाही म्हणून पुन्हा बाहेर काढलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी बापाला आपल्या खोलीत बसवून सांगितलं. साबणबाई शेजारी उभी होती.

"भारी औषध द्या ना साहेब," बाप म्हणाला. "आहे त्यातलं सगळ्यात भारी."

"काका, सगळ्यात भारी तेच चालू होतं."

बापाने डॉक्टरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला वाटत होतं, कोणीतरी अजून एखादं नाव घेईल. त्याच संध्याकाळी ते जुनं औषध सुरू झालं.

रंगाऱ्याला हॉलच्या टोकाच्या वेगळ्या खोलीत हलवलं. आत जायचं तर अंगात प्लॅस्टिकचा झगा, हातात मोजे, तोंडावर मास्क. बाप सगळं निमूट घालायचा. चौथ्या दिवशी झग्याच्या नाड्या बांधून घेता घेता त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, "सिस्टर, एक विचारू? माझ्याकडून तर गेलं नाही ना?"

"काय?"

"हा जंतू. गटारात हात घालणारा माणूस मी. धुतले तरी नखांत राहतच असेल काहीतरी. नळी निघाली त्या दिवशी मी याच्या तोंडावरून हात फिरवला होता."

"नाही हो काका," ती म्हणाली. "तसं काही नसतं." पण त्याने वळून बघितलं तेव्हा तिला नजर देता आली नाही, कारण तिला खरं काय ते माहीतच नव्हतं. तेवढ्यासाठी का होईना, शोधायला हवं होतं.

तिने गेल्या तीन महिन्यांचं रजिस्टर काढलं. लॅबमधल्या बाईंनी जुने रिपोर्ट काढले. दोघींनी ते शेजारी शेजारी ठेवले. याच जंतूचे पाच पेशंट. चार जण चार नंबरवर झोपलेले, एक तीनवर. प्रत्येक जण वेगळ्या आजाराचा, वेगळ्या आठवड्यातला, म्हणून कोणी एका ओळीत वाचलं नव्हतं. मावशींनी नुसत्या चादरी बदलत जे ओळखलं होतं, ते वहीत सगळं लिहून ठेवणाऱ्या बाईला दिसलं नव्हतं.

मग नमुने घेतले. खाटांचे कठडे, मशिनच्या नळ्या, दारांच्या मुठी, सगळ्या मुलींचे हात. तिने पहिल्यांदा स्वतःचे हात पुढे केले. सगळ्यात शेवटी लॅबमधल्या बाईंनी लांब दांडीचा बोळा बेसिनच्या जाळीतून खाली घातला. तो वर आला तेव्हा त्याला शेंबडासारखं काहीतरी लागलेलं होतं.

हात सगळ्यांचे स्वच्छ निघाले. कठडे, मुठी, नळ्याही स्वच्छ. बेसिनमध्ये तोच जंतू, त्याच सोळा ओळींचा.

"पण बेसिनमधला खाटेवर जाईल कसा?" तिने विचारलं. "वर तर येत नाही ना पाणी."

"तुमच्याकडे जखमेला लावायचं जांभळं औषध आहे ना?" बाई म्हणाल्या. "ते जाळीत ओत. आणि खाटेवर पांढरा कागद पसर."

दुपारची वेळ होती. चार नंबर रिकामीच होती. मावशींनी उशीपासून पायथ्यापर्यंत कागद अंथरला. साबणबाईने जांभळी बाटली जाळीत रिकामी केली, कोपराने नळ उघडला आणि हात धुतले. जसे शिकवायची तसेच. तळवे, पाठी, बेचक्या. सवयीने तिने आकडेही मोठ्याने मोजले. चाळीसला नळ बंद केला आणि वळली.

मावशी कागदाकडे बघत उभ्या होत्या. उशीच्या जागेवर मोहरीएवढे जांभळे ठिपके पडले होते. पाच, सात, मग मोजायची गरज राहिली नाही. एक-दोन तर छातीच्या जागेपर्यंत गेले होते. नळाची धार थेट जाळीवर पडत होती आणि खाली साचलेलं घेऊन उडत होती. 'सांगितलं होतं' असं मावशी आता तरी म्हणतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि कुठे टाकू असं खुणेने विचारलं.

किती वेळा? प्रत्येक मुलगी, प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर. दिवसाला दोनशे वेळा, अडीचशे वेळा. जी जास्त नीट धुवायची, ती जास्त वेळ उडवायची. आणि सगळ्यांत नीट कोण धुवायचं, हे वॉर्डात कोणाला विचारायला नको होतं.

अधीक्षकांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बेसिन त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, "नातेवाइकांना इतक्यात काही बोलू नका. चौकशी होऊ दे. त्यांना सांगून तो बरा होणार आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पण त्याच्या वडिलांना वाटतंय त्यांनीच केलं."

"लोकांना काय, काहीही वाटतं, सिस्टर."

ती तिथून उठली ती सरळ जिन्याजवळच्या बाकड्याकडे गेली. प्लंबरकाका डबा मांडीवर घेऊन बसला होता, झाकणही न उघडता. ती शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. खाट तिने बदलली, हेही सांगितलं. तक्रार पुन्हा लिहायची राहिली, हेही.

ती थांबल्यावर तो म्हणाला, "धार थेट जाळीवर पडायची?"

"हो."

"आणि ट्रॅप भरलेला." त्याने दोन बोटांनी हवेत पाइपचं वळण काढलं. "म्हणजे पाणी उभं जाळीच्या खाली, बोटभरच. उडणारच." त्याने बोटं डब्यावर टेकवली. "त्या दिवशी मी उघडला असता तर?"

तिने याचं उत्तर दहा वेळा मनात तयार केलं होतं. तरी तोंडातून खरं तेच निघालं. "माहीत नाही, काका. कदाचित हे झालंच नसतं. कदाचित उघडताना अजून पसरलं असतं. मला खरंच माहीत नाही."

"म्हणजे माझ्या हातून नाही गेलं."

"नाही."

"तुमच्या हातून गेलं."

"हो. माझ्या. मुलींच्या. धुताना."

तो शिव्या देईल, ओरडेल, डबा फेकेल, याची तिने तयारी ठेवली होती. काही केलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "मी दवाखान्यांची बेसिनं बसवलीत, सिस्टर. तीसेक असतील. सगळी अशीच. धार जाळीवर पडली की पाणी चटकन जातं, असं मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. अशीच बसवलीत सगळी." मग त्याने डबा पिशवीत ठेवला आणि झगा घालायला उठला. दोष उतरवून टाकायला गेलेल्या साबणबाईने त्याच्या डोक्यावर तीस बेसिनं ठेवली होती.

जुन्या औषधाने आठवड्याभरात मूत्रपिंडं बंद पाडली. डायलिसिस लावलं. ताप एकदा उतरला, दोन दिवस उतरलेलाच राहिला, आणि त्या दोन दिवसांत सगळे एकमेकांशी जरा जास्तच हळू आवाजात बोलले, कोणाची दृष्ट लागू नये तसे. मग तो पुन्हा चढला. नवा रिपोर्ट आला. शेवटच्या ओळीतही आता आर होता. लॅबमधल्या बाई या वेळी कागद घेऊन स्वतः जिने चढून आल्या होत्या. दुखरे गुडघे धरून त्या नर्सिंग टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी दोनदा तपासणी लावली गं. वाटलं, माझंच चुकलं असेल."

मोठ्या डॉक्टरांनी तो कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिला.

तो गुरुवारी गेला, सकाळी सव्वाअकराला, बाहेर लख्ख ऊन असताना. बाप खाटेशी होता. साबणबाई मशिनशी. मशिनचा आवाज तिने बंद केला, तरी बाप तसाच मुलाचा हात धरून राहिला. मोज्यातल्या हाताने. मग त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं, "आता तरी काढू का हे?"

नियम तिला पाठ होता. तिनेच तो मोठ्या अक्षरांत लिहून त्या खोलीच्या दारावर चिकटवला होता. जंतू माणसाबरोबर मरत नाही. कातडीवर असतो, चादरीवर असतो, कठड्यावर महिनोनमहिने असतो.

"काढा," ती म्हणाली.

त्याने मोजे काढले. गाठाळ बोटं मुलाच्या कपाळावरून, भुवयांवरून, बसलेल्या गालांवरून फिरवली. मग हात हातात घेतला आणि नखं बघत बसला. निळा रंग नखाच्या बुडापासून जरासा वर सरकला होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिने कोणाला आत येऊ दिलं नाही. पंधरा मिनिटं झाली असतील, वीसही. नंतर तिने बादली आणि तांब्या आणवला. त्या मजल्यावर आता बेसिन नव्हतं. तिने पाणी घातलं, त्याने हात चोळले. लहान मुलाचे धुवावेत तसे तिने त्याचे अंगठे, बेचक्या, मनगटं आपल्या हातांनी धुतली. पाणी तिने बाटलीभर औषध टाकून स्वतः ओतून दिलं.

दाखल्यावर मृत्यूचं कारण अपघातातल्या जखमा आणि त्यानंतरचा जंतुसंसर्ग असं लिहिलं होतं. बेसिनबद्दल एक अक्षर नव्हतं, दाखल्यात तशी जागाच नसते. बापाने तो घडी घालून खिशात ठेवला. जाताना तो तिच्याशी बोलला नाही. रागावला होता असं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने थांबून मागे पाहिलं, काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि मग उतरून गेला. पुढे तो कधी आला नाही. तक्रारही आली नाही. ती बरेच दिवस टपालाची वाट बघत होती.

वॉर्ड बारा दिवस बंद ठेवून धुतला. भिंतीतला पाइप तोडून काढला, नवं बेसिन बाहेरच्या पॅसेजमध्ये बसवलं, धार बाजूला पडेल असं. तिने राजीनामा लिहून दिला. अधीक्षकांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या जागी कोण आहे माझ्याकडे?" खरंच कोणी नव्हतं. ती कामावर येत राहिली. एखादी मुलगी हात न धुता पेशंटकडे निघाली की तिच्या तोंडापर्यंत शब्द यायचा आणि क्षणभर तिथेच अडकायचा. मग ती तो बोलायची, कारण न बोलून चालणार नव्हतं.

वॉर्ड उघडून नऊ दिवस झाले होते. बंद असताना खालच्या मजल्यावर हलवलेले पेशंट परत वर आणले होते, आणि खबरदारी म्हणून सगळ्यांचे नमुने पाठवले होते. दोन नंबरवर एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. त्या आता बसून खायला लागल्या होत्या, मुलींचं शुद्धलेखन सुधारायच्या, तापमानाच्या तक्त्यावर लाल पेनने वेलांट्या दुरुस्त करायच्या. त्यांची मुलगी रोज अकराला यायची.

साडेदहाला लॅबमधल्या बाईंचा फोन आला. "दोन नंबर," त्या म्हणाल्या. "तोच जंतू." शाळामास्तरीण चार नंबरवर कधी झोपल्याच नव्हत्या. मग आला कुठून, कोणाच्या हातून, कोणत्या चादरीतून? वॉर्डाच्या आत तर आता बेसिन नव्हतंच.

काचेपलीकडे मास्तरीण उशीला टेकून बसल्या होत्या. ताप नव्हता, धाप नव्हती. जंतू नुसता येऊन बसला होता. पुढे उसळेल की नाही, कोणाला सांगता आलं नसतं. त्यांनी तिला बघून हात हलवला.

अकरा वाजता मुलगी आली. तिच्या हातात वर्तमानपत्र आणि आईचा चष्मा होता. चेहरा हसरा.

"आज सोडताय का हो आईला?" तिने दारातूनच विचारलं.

साबणबाईने टेबलाशेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसा," ती म्हणाली. "थोडं बोलायचंय."